मीच पुढे केलेली प्लेट

रामभाऊ, तुम्ही आग्रह केला नव्हता.

हे वाक्य लिहायला मला एकवीस वर्षं लागली, आणि ज्यांना ते वाचून दाखवायचं ते तुम्हीच आता नाही. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. आधी मुद्दा लिहायचा, मग तपशील, ही सवय हाडात गेली आहे. मुद्दा लिहून झाला. तपशील लिहायला बसलो तर हात थांबतो आहे, कारण तपशिलात मी फारसा बरा दिसत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा घरातले सगळे नागपूरला आले. मला डॉक्टरांनी एवढा प्रवास करू दिला नाही. आमच्या निखिलने तिकडून फोनवर तुमचा फोटो दाखवला. हार घातलेला, एसटीच्या वर्कशॉपमधल्या निरोपसमारंभाचा असावा, खाकी शर्टातला. मी इथे कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर बसून त्या फोटोला नमस्कार केला. व्याह्याच्या शेवटच्या दर्शनाला वीतभर लांबीचा फोन. आपण दोघं त्यावर नक्की काहीतरी बोललो असतो. म्हणजे मी बोललो असतो, आणि तुम्ही नेहमीसारखे हसला असतात.

तुमचं ते हसणंच मला आता झोंबतं.

आपली पहिली भेट नागपूर स्टेशनवर झाली. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीने कंपन्या भराभर मुलं भरत होत्या. त्या भरतीत आमचा निखिल आणि तुमची प्रणिता एका टेबलाशी बसले, आणि पुढचं आपल्याला न विचारता ठरलं. बोलणी करायला मी एकटाच आलो होतो, कारण हिचा गुडघा दुखत होता. निघताना हिने डब्यात मऊ भात दिला होता आणि दारात उभं राहून बजावलं होतं, "तिकडचं तिखट असतं. जिभेवर ताबा ठेवा. तुमचं पोट म्हणजे काही पोट नाही." पोटात अल्सर असल्याचं निदान होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत मी भात, ताक, दुधी आणि हिची नजर यांवर जगलो होतो.

तुम्ही स्कूटर घेऊन आला होतात. डोक्याला रुमाल बांधलेला, नखांच्या कडांना वर्कशॉपचं काळं तेल. मला "साहेब" म्हणालात. मी म्हटलं, "अहो, मी क्लार्क आहे." तुम्ही म्हणालात, "आमच्या पोरीचे सासरे म्हणजे साहेबच." माझ्याशी बोलताना तुम्ही एकेक शब्द सावरून घेत होतात, चांगल्या पाहुण्यासमोर चांगली भांडी काढावीत तसे.

"घरी चहा तयार आहे, पण पाच मिनिटं थांबू का? मी रोज थांबतो. आज गेलो नाही तर तो ठेलेवाला दुपारी घरी चौकशीला येईल."

वर्कशॉपच्या फाटकासमोर तो ठेला होता. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळण, चाळणीत पिवळेधमक पोहे वाफेवर ठेवलेले, वर ओलं फडकं. शेजारी खोल भांडं, तुमच्याकडे त्याला गंज म्हणतात, आणि त्यात तर्री. काळे हरभरे घातलेला लालभडक रस्सा, वर बोटभर तेलाचा तवंग. लोक उभ्यानेच खात होते. पोह्यांवर पळीभर तर्री, तिच्यावर कच्चा कांदा, शेव, लिंबू. मी सदाशिव पेठेत जन्मलेला माणूस. पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालतात आणि ते बशीत चमच्याने बसून खातात, एवढंच मला माहीत.

मी विचारलं, "अहो, पोह्यांवर हा रस्सा कशासाठी?"

ठेलेवाला म्हणाला, "घशाखाली जायला, साहेब."

"आमच्याकडे त्यासाठी चहा असतो."

सगळे हसले, तुम्हीही. आणि मग तुम्ही त्याला सांगितलंत, तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "साहेबाले बिना तर्रीचे देजो. त्यायले सोसत नाही."

हे तुम्ही बोललात, रामभाऊ. प्रणिताने तुम्हाला माझ्या पोटाचं आधीच सांगून ठेवलं होतं.

मी बिनतर्रीचे पोहे खाऊ लागलो. समोर तुम्ही खात होतात. लिंबू पिळताना डोळे मिटून घेत होतात. मी म्हटलं, "एक चमचा चव बघतो." तुम्ही म्हणालात, "नको साहेब." मी म्हटलं, "अहो, चव हो." आणि तुमच्या प्लेटमधला एक चमचा उचलला.

त्या चमच्याचं वर्णन मी करणार नाही, करताही यायचं नाही. दहा वर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी कोणीतरी बाहेरून उघडली, एवढंच म्हणतो. कान गरम झाले, नाक वाहायला लागलं, आणि मी मोठ्याने हसलो. मग ठेलेवाल्याला विचारलं, "याच्यावर थोडा रस्सा मिळेल का? म्हणजे तशी पद्धत असेल तर."

"तोंडानं मागायची नसते इथं," तुम्ही म्हणालात. "प्लेट पुढं करायची फक्त."

मी प्लेट पुढे केली. मग पुन्हा केली. दुसरी प्लेट घेतली, मग तिसरी. तिसऱ्या प्लेटच्या वेळी तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "साहेब, बस. गाडीत त्रास होईल." मी तुमचा हात बाजूला केला. अगदी हलकेच, पण केला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या गावात, रस्त्यावर उभा राहून नाक पुसत खात होता आणि कोणीही त्याच्या प्लेटकडे बघत नव्हतं. तितका मोकळा मी त्याआधी कधी नव्हतो आणि त्यानंतरही झालो नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी काय केलं ते पुढे येतंच आहे.

खाताना तुम्ही एक गोष्ट सांगितलीत. प्रणिता सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तुम्हाला स्वयंपाक येत नव्हता. याच ठेलेवाल्याकडून तुम्ही तर्री शिकलात. वर्षभर घरात रविवारी तोच एक पदार्थ व्हायचा. "आईची आठवण आली की पोरगी प्लेट पुढं करायची," तुम्ही म्हणालात. "बोलायची नाही. प्लेट पुढं करायची. मी वाढायचो."

हे मला माहीत होतं, रामभाऊ. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं.

परतीच्या गाडीत पोटात आग पडली. पुण्याला उतरलो तो थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" ही शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही होतं, आणि त्यातलं आधी काय माझ्यावर येणार ते मला कळेना. मी म्हटलं, "मुलीचे वडील फार आग्रह करत होते. मोडता येईना. ते वाढतच गेले."

डॉक्टरांनी ते फाइलवर लिहिलं.

तीन दिवसांनी घरी आल्यावर हिने तुम्हाला फोन लावला. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होतो. मला हिचीच बाजू ऐकू येत होती. "अहो, तुमच्या मुलीला सांगून ठेवलं होतं मी. आमच्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" मग बराच वेळ ती ऐकत होती. मग एकदम मऊ आवाजात, "बरं, बरं. माफी कसली मागताय एवढी. पण पुढे लक्षात असू द्या."

तुम्ही माफी मागितलीत. फोनच्या त्या टोकाला तुम्ही काय म्हणाला असाल, याचा मी एकवीस वर्षं विचार करतो आहे. "ताई, मी नको म्हणत होतो," एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं. पण साखरपुड्याची तारीख ठरायची होती आणि तुम्ही मुलीचे बाप होतात. मुलीच्या बापाने खरं बोलायला आपल्याकडे वेळ कुठली चांगली असते? मी मुलाचा बाप होतो. मला कुठलीही वेळ चालली असती. मी उठून बाहेर गेलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

पुढे जे झालं ते खोटं बोलण्याहूनही वाईट. मी त्याचा किस्सा केला. पुण्यात माणूस आजारातून उठला की त्याला सांगायला काहीतरी लागतं. मी तो रंगवत नेला. तुम्ही एका हाताने माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने पळी ओतली, इथपर्यंत तो गेला. लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मी तो तुमच्यासमोर सांगितला. तुम्ही हातात जिलबीचं ताट घेऊन वाढत होतात. सगळी पंगत हसली. माझे मेव्हणे म्हणाले, "व्याहीबुवा, आज जरा जपून हं, नवरीकडचे आहात म्हणून काय झालं!" तुम्ही हसलात आणि माझ्यासमोर आलात तेव्हा हळूच विचारलंत, "साहेब, जिलबी चालते ना? विचारूनच वाढतो."

मी पानावर हात आडवा धरला. वर बघितलं नाही.

आमच्या घरात शब्दच पडला, "नागपुरी आग्रह". कोणी कोणाच्या गळ्यात काही मारलं की म्हणायचं, "आता हा नागपुरी आग्रह पुरे." शब्द माझाच. शब्द बनवण्यात मी हुशार.

तुम्ही पहिल्या दिवाळीला आलात तेव्हा संत्री आणली होतीत आणि घरी कुटलेल्या मसाल्याची पुडी. हिने ती पुडी ओट्याच्या अगदी वरच्या फळीवर ठेवली. तुम्ही ते पाहिलंत. त्यानंतर वीस वर्षं फक्त संत्री आणलीत.

आता सगळ्यात अवघड ते लिहितो. लग्नाला सहा-सात महिने झाले असतील. रविवार होता. प्रणिताने सकाळी लवकर उठून, कोणाला न सांगता, तर्री केली. वासाने मी जागा झालो. तो तोच वास होता. मी उठून जवळजवळ स्वयंपाकघरापर्यंत गेलो, रामभाऊ. आतून हिचा आवाज आला. ओरडली नाही, ती कधी ओरडत नाही. "प्रणिता, एवढा एक पदार्थ या घरात नको बाई. ह्यांचं काय झालं होतं माहीत आहे ना?"

प्रणिता म्हणाली, "हो आई. चुकलंच माझं."

बापाने मागितली तशीच माफी, न केलेल्या गुन्ह्याची.

मी दाराबाहेर उभा होतो. दोन पावलं पुढे जाऊन "मीच खाल्लं होतं" म्हणायचं होतं. तीन शब्द. मी मागे फिरलो आणि पेपर उघडून बसलो. थोड्या वेळाने ती झाकण घातलेलं पातेलं घेऊन जिना उतरताना दिसली. खालच्या मजल्यावर वर्ध्याकडचे चार विद्यार्थी राहत होते, त्यांना देऊन आली. रिकामं पातेलं घासून पालथं घातलं. त्यानंतर तिने तो पदार्थ या घरात केला नाही. आईची आठवण आली की तिने प्लेट कुठे पुढे केली असेल, मला माहीत नाही.

तुमच्याशी बोलायचा प्रयत्न मी एकदाच केला. चार वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात, सोसायटीच्या बाकावर आपण उन्हाला बसलो होतो. आपला जुना वाद चालला होता. मी म्हणत होतो, पोहे हा स्वतंत्र पदार्थ आहे, त्याला रस्सा लागत असेल तर पोहेच नीट झालेले नाहीत. तुम्ही म्हणत होतात, "मंग तुमी खोबरं काऊन घालता? पोह्यायले थंडी वाजते का?" तोवर तुम्ही माझ्याशी शब्द सावरून बोलणं सोडलं होतं, आणि मला ते फार बरं वाटायचं. मी एकदम म्हटलं, "रामभाऊ, त्या दिवसाचं मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकतो."

तुम्ही कुठला दिवस हे विचारलं नाहीत. संत्र्याची फोड सोलत राहिलात. मग म्हणालात, "जाऊ द्या ना, साहेब. पोरगी सुखात आहे. आता सांगितलं तर ताईले वाटन, नवरा इतकी वर्षं खोटं बोलला. त्यायच्या मनाले लागन."

"पण तुमच्या नावावर..."

"मी गेल्यावर सांगजा मंग," तुम्ही म्हणालात आणि ती फोड माझ्या हातावर ठेवलीत. "बिया काढल्या आहेत. खा."

मी खाल्ली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. तुम्ही मला मुदतवाढ दिली होती आणि मी ती घेतली.

तर रामभाऊ, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सांगितलं. चार दिवसांपूर्वी, सगळे नागपूरहून परतल्यावर, जेवणाच्या टेबलाशी. ठेल्यापासून मनगटावरच्या हातापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. किस्सा केला नाही. कुठेही हसवलं नाही.

निखिल म्हणाला, "आबा, तुम्ही? तीन प्लेट? उभ्याने?" आणि त्याला हसू आवरेना. मग प्रणिताकडे बघून त्याने ते गिळलं.

ही म्हणाली, "माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, खरं आहे. पण म्हणून स्वतःवर एवढं ओढून घ्यायचं?"

"अगं, ओढून घेत नाही. झालंच तसं."

"तसं कसं झालं? मी शेजारी उभी होते ना!" ती उठली, कपाटातून दवाखान्याच्या फायलींची पिशवी काढली. माझ्या पोटाचा सगळा इतिहास तिने तारीखवार लावून ठेवला आहे. ती जुनी फाइल तिने माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा लावून वाचून दाखवली. नातेवाइकांच्या आग्रहामुळे अतितिखट खाण्यात आले. खाली डॉक्टरांची सही. "तुम्हीच सांगता ना, फायलीत आलं म्हणजे झालं?"

मी नोकरीभर तेच म्हणत आलो होतो.

"रामभाऊंवर माझा आता काही राग नाही हो," ती म्हणाली. "देवमाणूस होता. मायेनेच वाढलं असेल त्यांनी." आणि डोळे पुसले. तुमच्यासाठी ती खरोखर रडली. तुम्ही न केलेल्या गोष्टीची तिने तुम्हाला मनापासून क्षमा केली.

प्रणिता रात्रीची भांडी लावत होती. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. ती वळून म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्यासाठी बोललात, मला कळलं. बाबांना फार बरं वाटलं असतं."

"प्रणिता, ते खरं आहे."

"हो आबा," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं.

काल रविवार होता. आमच्या इथे इंजिनिअरिंग कॉलेजच्या कोपऱ्यावर आता तुमच्याकडच्या एका माणसाची गाडी असते. पाटीवरच लिहिलं आहे, तर्री पोहे. विद्यार्थी असतात, गळ्यात कंपन्यांची कार्डं अडकवलेली मुलंमुली असतात. आता पुण्यात कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही. मी प्रणिताला म्हटलं, "चल, जरा पाय मोकळे करू," आणि तिला तिथे घेऊन गेलो. मी ठरवलं होतं की आता बोलायचं नाही. तिच्यासमोर उभं राहून खायचं. खाताना बघितल्यावर तरी तिला कळेल.

तिने गाडी पाहिली आणि क्षणभर थांबली. मग पुढे होऊन म्हणाली, "भाऊ, दोन द्या. यांना बिना तर्रीचे."

तुमचाच आवाज, रामभाऊ. तेच शब्द.

मी साध्या पोह्यांची प्लेट हातात घेतली. ती माझ्या शेजारी उभी राहून खाऊ लागली. लिंबू पिळताना तिने डोळे मिटून घेतले. संपत आलं तशी तिने, तोंडाने काही न म्हणता, प्लेट पुढे केली. त्याने पळीभर ओतली. तिने खाल्लं आणि पुन्हा पुढे केली. तिचं नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नुसतं तिखटाचं नव्हतं. एकवीस वर्षं एका घरात राहून तुमच्या मुलीला खाताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.

मग मी माझी प्लेट पुढे केली.

गाडीवाल्याने पळी भरून घेतली आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून प्रणिताकडे बघितलं. तिने पदराने डोळे पुसले, प्लेट खाली ठेवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. "आबा, बस. तुम्हाला सोसत नाही."

त्याच मनगटावर.

या वेळी मी हात बाजूला केला नाही. पण रामभाऊ, प्लेटही मागे घेतली नाही. पळी वर धरून तो माणूस थांबला होता, आणि मी प्लेट पुढे धरून तसाच उभा होतो.